बंद होता होईना

संगणक चालू व्हायला वेळ लावू लागला की माणूस दुसऱ्याच दिवशी तक्रार करतो. बंद व्हायला वेळ लावतो म्हणून सहसा कुणी तक्रार करत नाही. चालू होताना आपण खुर्चीत बसून वाट बघत असतो. बंद होताना डबा पिशवीत टाकत असतो, चपला शोधत असतो. पडद्यावर गोल फिरतंय, फिरू दे. मॉनिटर बंद करायचा आणि फारच घाई असली तर यूपीएसचं बटण दाबून धरायचं. पंख्याचा आवाज थांबला, म्हणजे काम झालं. निघताना सगळी बटणं बंद करून निघायचं हा घरोघरचा दंडक असल्यामुळे त्यात वावगं कुणालाच वाटत नाही.

वावगं वाटायला सकाळ उजाडावी लागते. पुण्यात नारायण पेठेतल्या एका अक्षरजुळणीच्या कार्यालयात ती ऐन भाद्रपदात उजाडली. दोन दिवाळी अंकांची पानं एकाच वेळी लागत होती. ऑपरेटर ताईंनी संगणक सुरू केला, पासवर्ड टाकला आणि समोर कोराकरकरीत डेस्कटॉप आला. अंकाच्या नावाचं फोल्डर नाही, चित्रांचं नाही, मुद्रितशोधकानं पाठवलेल्या दुरुस्त्यांचं नाही. कोपऱ्यात एक लहानशी सूचना होती, की तुम्ही तात्पुरत्या प्रोफाइलवर आला आहात. ती वाचण्याच्या मनःस्थितीत तेव्हा कुणी नव्हतं. नेहमीच्या हार्डवेअरवाल्या मुलाला फोन लावला. त्यानं पलीकडूनच निदान केलं : "ताई, विंडोज उडालंय. फॉरमॅट मारावा लागेल."

फॉरमॅट हा शब्द अक्षरजुळणीच्या धंद्यात कुणाला ऐकवत नाही, आणि त्यालाही कारण आहे. तिथल्या जुन्या मजकुराची अक्षरं युनिकोडपूर्व काळातली असतात. फॉन्ट बनवणाऱ्यानं आपल्या मर्जीनं 'क' कुठल्या तरी इंग्रजी अक्षराच्या जागी बसवलेला असतो, वेलांटी आणखी कुठे. तोच फॉन्ट आणि तेच सॉफ्टवेअर नसेल तर वीस वर्षांचे अंक उघडतात ते कंसांच्या आणि टिंबांच्या रांगोळ्या होऊन. शिवाय ते सॉफ्टवेअर चालतं संगणकाच्या पाठीमागे खोचलेल्या लॉकवर. लॉकचा ड्रायव्हर ज्या सीडीवर होता ती सीडी कुठे आहे हे मालकांना सांगता येत नाही. म्हणूनच हा संगणक अजून विंडोज ७ वर आहे. मायक्रोसॉफ्टनं १४ जानेवारी २०२० रोजी त्याचा पाठिंबा थांबवला, इथे मात्र तो अंक काढतोच आहे.

मालकांनी मग दुसऱ्या एका जुन्या जाणत्या दुरुस्तीवाल्यांना बोलावलं. त्यांना सगळे काकाच म्हणतात. काकांनी रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या अंतर्गत नोंदींच्या कोठारात, प्रोफाइलची यादी उघडली. तिथे ताईंच्या खात्याचा लांबलचक क्रमांक दोनदा होता, आणि त्यातल्या एकाच्या शेवटाला 'बॅक' असं शेपूट लागलेलं होतं. चालू होताना विंडोजला खातं नीट उघडता आलं नाही की ते खरं खातं असं शेपूट लावून बाजूला ठेवतं आणि तात्पुरतं कोरं खातं पुढे करतं. काकांनी कोरं काढलं, खऱ्याचं शेपूट काढलं, संगणक पुन्हा सुरू केला. सगळी पानं होती तिथेच होती.

चहा येईपर्यंत हे आटोपलं होतं. ताई पानं उघडून बघत होत्या आणि काका निघायच्या तयारीत नव्हते; खातं मुळात बिघडलं कशामुळे, हे त्यांना हवं होतं. त्यांनी विचारलं, "संध्याकाळी हा बंद कसा करता?"

"बंद करते म्हणजे, शट डाउन देते. पण तो होतच नाही हो काका लवकर. पाच-सहा मिनिटं घेतो. कोण थांबणार? मग यूपीएस बंद करते."

"अडकतो तेव्हा पडद्यावर काय असतं?"

"ते मी बघत नाही. मी निघालेली असते."

मला स्वतःला या दुखण्यातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न पडद्यावर काय असतं हाच वाटतो, आणि तो जवळपास कधीच विचारला जात नाही. रोज जी पाच मिनिटं वाया जातात त्यात संगणक काही तरी ठराविक करत असतो किंवा कुणाची तरी वाट बघत असतो. त्याचं नाव त्याला ठाऊक असतं. आपण ते विचारायच्या आधी वीज तोडतो.

बंद करणं हे एक काम आहे, हीच मुळात पीसीच्या जगात उशिरा आलेली गोष्ट. डॉसच्या दिवसांत काम संपलं की माणूस पांढऱ्या चौकटीतल्या लाल बटणाला हात घालायचा. बटण खरोखरचं होतं, भिंतीतून आलेली वीज त्यातून जायची, खटका पडला की अंधार. गडबड झाली ती लिहायचा मजकूर थोडा वेळ मेमरीत साठवून मग डिस्कवर उतरवायची युक्ती सर्रास झाल्यावर. १९९३ साली आलेल्या एमएस-डॉस ६ मध्ये स्मार्टड्राइव्ह हेच करायचा, त्यामुळे काम झाल्यासारखं दिसायचं, कर्सर परत यायचा, माणूस बटण दाबायचा आणि शेवटचा मजकूर मेमरीतच राहून जायचा. त्याच वर्षीच्या ६.२ आवृत्तीत मायक्रोसॉफ्टला सुधारणा करावी लागली, की साठवलेलं सगळं डिस्कवर उतरल्याशिवाय कर्सर परत द्यायचाच नाही. बंद होण्याआधीची वाट बघणं पीसीवर साधारण इथून सुरू झालं.

पुढे १९९५ च्या ऑगस्टमध्ये विंडोज ९५ आलं आणि काळ्या पडद्यावरची ती नारिंगी ओळ आली. आता संगणक बंद करायला हरकत नाही, अशा अर्थाची. ज्यांनी त्या काळात एमएस-सीआयटीच्या आधीचे कुठले तरी संगणकवर्ग केले, त्यांना ती ओळ येईपर्यंत बटणाला हात लावला म्हणून मास्तरांची बोलणी खाल्ल्याचं आठवत असेल. ती ओळ म्हणजे एक साधं चित्र होतं. विंडोजच्या फोल्डरमध्ये 'लोगोज' नावाची एक फाइल असायची, तिचं मागचं नाव बदललं की ती पेंटमध्ये उघडायची, आणि हौशी पोरं तिथे स्वतःचं नाव टाकून ठेवायची. त्याच वर्षी इंटेलनं एटीएक्स नावाची नवी रचना आणली आणि बटणातली वीज गेली. आताचं बटण फक्त मदरबोर्डला इशारा देतं. पॉवर सप्लायची हिरवी तार जमिनीला जोडून ठेवायची की सोडायची हे मदरबोर्ड ठरवतो. जांभळ्या तारेवर पाच व्होल्ट तर संगणक 'बंद' असतानाही चालूच असतात.

बंद करायचा अधिकार असा माणसाच्या बोटाकडून सॉफ्टवेअरकडे गेला आणि तेव्हापासून सॉफ्टवेअर अडू लागलं. विंडोज ९८ च्या दुसऱ्या आवृत्तीत बंद होताना अडकण्याचं प्रमाण इतकं होतं, की १९९९ मध्ये मायक्रोसॉफ्टला केवळ त्यासाठी वेगळी पुरवणी काढावी लागली. त्याआधी पहिल्या विंडोज ९८ मध्ये 'झटपट बंद' अशी सोय दिली होती. ती बंद केली की संगणक नीट बंद व्हायचा!

आता आत काय होतं ते बघू. लांब पल्ल्याच्या एसटीचा कंडक्टर ढाब्यावरून गाडी हलवण्याआधी डोकी मोजतो, तसं विंडोज 'शट डाउन' म्हटल्यावर आधी प्रत्येक उघड्या प्रोग्रॅमला विचारतं, आटोपलं का? प्रोग्रॅम हो म्हणू शकतो, नाही म्हणू शकतो, किंवा गप्प बसू शकतो. साधारण पाच सेकंद उत्तर आलं नाही की पडदा झाकोळतो आणि अमुक प्रोग्रॅम बंद होऊ देत नाही अशी यादी दिसते. जतन न केलेली फाइल असेल तर तिथेच कळतं. हा पहिला टप्पा. मग वापरणाऱ्याचं खातं मिटलं जातं, म्हणजे त्याच्या सगळ्या आवडीनिवडींची फाइल डिस्कवर पक्की करून बाजूला ठेवली जाते. एक्सपीच्या काळात कुणी तरी ती फाइल धरून ठेवायचं आणि 'सेव्हिंग युअर सेटिंग्ज'वर सगळं थबकायचं. त्यावर मायक्रोसॉफ्टनं वेगळं अवजार काढलं आणि व्हिस्टापासून ते काम विंडोजच्या पोटातच घेतलं.

त्यानंतर सेवा. पडद्यावर न दिसता चालणारे हे प्रोग्रॅम : छपाईची रांग सांभाळणारा, अँटिव्हायरसचा, अपडेट बघणारा, कुठल्याशा मोबाइल कंपनीच्या सॉफ्टवेअरनं मागे सोडलेला. त्यांनाही निरोप जातो आणि मुदत मिळते. ती मुदत एक्सपीत २० सेकंद होती, विंडोज ७ मध्ये १२, आणि ८ पासून ५. मुदत संपली की विंडोज त्यांना उचलून बाहेर ठेवतं. मग मेमरीत राहिलेलं डिस्कवर उतरतं, ड्रायव्हर आपापली यंत्रं शांत करतात, आणि शेवटी मदरबोर्डला निरोप जातो की आता वीज सोड.

त्यामुळे अडकतो कुठे हे बघितलं की अर्धं निदान होतं. प्रोग्रॅमांच्या यादीवर अडकत असेल तर तो आपल्याच उघड्या खिडक्यांचा प्रश्न. 'शटिंग डाउन'च्या गोलावर अडकत असेल तर सेवा, अपडेट किंवा डिस्क. पडदा काळा झाला पण पंखा आणि दिवा चालूच, तर ड्रायव्हर, बायोस किंवा विंडोज ८ पासूनचं 'फास्ट स्टार्टअप'. ही सोय २०१२ पासूनची; ती चालू असली की विंडोज 'शट डाउन' म्हटल्यावर पूर्ण बंद होतच नाही. वापरणाऱ्याचं खातं मिटतं, पण आतला गाभा डिस्कवरच्या एका मोठ्या फाइलीत जसाच्या तसा गोठवून ठेवला जातो, म्हणजे सकाळी लवकर जाग येते. टास्क मॅनेजरमध्ये 'अप टाइम' बघा. रोज संध्याकाळी बंद होणारा संगणक तिथे आठ-दहा दिवस जागा असल्याचं सांगतो. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर ही गोठवणी वेळ खाते, आणि बिघडलेला ड्रायव्हर असेल तर तोही तसाच गोठतो आणि सकाळी तसाच उठतो. 'रीस्टार्ट' मात्र खरंखुरं संपूर्ण बंद करून पुन्हा चालू करतं. रीस्टार्ट झटपट होतो आणि शट डाउन रेंगाळतो असं दिसलं, तर पहिला संशय याच सोयीवर घ्यावा. शिफ्टची कळ दाबून धरून शट डाउन दिलं तर त्या एका वेळेपुरतं पूर्ण बंद होतं, म्हणजे पडताळणीही सोपी. नंतर कंट्रोल पॅनेलातल्या 'पॉवर ऑप्शन्स'मध्ये जाऊन ती कायमची काढता येते.

नारायण पेठेतल्या विंडोज ७ मध्ये हे प्रकरण नव्हतं. काकांनी 'इव्हेंट व्ह्यूअर' उघडला. विंडोजच्या नोंदवहीत 'डायग्नॉस्टिक्स परफॉर्मन्स' नावाचा एक कप्पा आहे, व्हिस्टापासून आहे, आणि तो उघडलेला माणूस मला फारसा भेटलेला नाही. १०० पासूनचे क्रमांक चालू होण्याच्या नोंदींचे, २०० पासूनचे बंद होण्याच्या. कोणत्या तारखेला बंद व्हायला किती मिलिसेकंद लागले, आणि उशीर प्रोग्रॅमनं केला, ड्रायव्हरनं केला की सेवेनं, हे तिथे नावानिशी लिहिलेलं असतं. ताईंच्या संगणकावर ज्या ज्या संध्याकाळी बंद होणं पुरं होऊ दिलं गेलं होतं, त्या त्या संध्याकाळी सगळ्यात वर एकच नाव होतं : एका स्कॅनरच्या सेवेचं. जिथे नोंदच नव्हती त्या संध्याकाळी यूपीएसचं बटण दाबलं गेलेलं. तिथे दुसऱ्या दिवशी सकाळची ६००८ क्रमांकाची नोंद सापडली, की मागच्या वेळी बंद होणं अनपेक्षित होतं.

"हा स्कॅनर कुठाय?" काकांनी विचारलं.

"तो? तो कधीच भंगारात गेला की."

स्कॅनर गेला, पण त्याची सेवा राहिली. ती रोज बंद होताना भंगारात गेलेल्या यंत्राकडून उत्तर मागत बसायची. तरीही बारा सेकंदांत तिची गठडी वळली जायला हवी होती. रजिस्ट्रीत बघितलं तर सेवांच्या मुदतीचा आकडा १२,००० च्या जागी १,८०,००० होता. मिलिसेकंदांत, म्हणजे सरळ तीन मिनिटं. काही सॉफ्टवेअर स्वतःला बसवताना, आपल्याला नीट आवरता यावं म्हणून, हा आकडा वाढवतात आणि काढून टाकल्यावर पूर्ववत करत नाहीत. इथे ते कुणी केलं याचा पत्ता लागला नाही. काकांनी सेवा काढली, आकडा जागेवर आणला.

तरी दोनेक मिनिटं उरलीच, आणि नोंदवहीत त्यांचं नाव नव्हतं. इथे काकांनी घड्याळ लावून दोनदा बंद केला : एकदा सगळं उघडं ठेवून मिटत मिटत, एकदा काहीच न उघडता. वेळ जवळजवळ सारखीच. उशीर प्रोग्रॅममुळे असता तर कमी-जास्त झाला असता. रोज ठरलेला वेळ लागतो याचा अर्थ ठरलेल्या आकाराचं काही तरी काम रोज होतंय. काकांनी रजिस्ट्रीतली आणखी एक नोंद तपासली आणि मान हलवली. बंद होताना पेजफाइल पुसायची सोय कुणी तरी चालू करून ठेवली होती.

पेजफाइल म्हणजे मेमरी अपुरी पडली की विंडोज डिस्कवर जिथे सामान हलवतं ती फाइल. तिच्यात पासवर्ड, कागदपत्रं यांचे तुकडे राहू शकतात, म्हणून बँका किंवा संरक्षण खात्यासारख्या ठिकाणी बंद होताना ती शून्यांनी भरून टाकायची सोय विंडोजमध्ये आहे. ती मुळात बंद असते. आठ जीबीची फाइल, जुनी हार्ड डिस्क सेकंदाला नव्वदेक एमबी लिहिणारी : भागाकार केला तर दीड मिनिट, आणि डिस्क थकलेली असेल तर त्याहून जास्त. दिवाळी अंकातल्या कथा कुणी पेजफाइलमधून चोरील इतकी भीती कुठल्या संपादकाला असेल असं वाटत नाही. संगणक 'फास्ट' करायचे नुस्खे म्हणून ज्या तयार फायली फिरतात, त्यातल्या एखादीनं हे केलं असावं, असा काकांचा कयास.

या नुस्ख्यांबद्दल बोलायलाच हवं. बंद व्हायला वेळ लागतो म्हटल्यावर सगळीकडे एकच सल्ला मिळतो : मुदतीचे आकडे कमी करा, दोन सेकंदांवर आणा, आणि न विचारता प्रोग्रॅम मारायची सोय चालू करा. संगणक खरंच झटकन बंद होतो. पण जो प्रोग्रॅम दुखणं होता तो तिथेच राहतो, आणि जो प्रामाणिकपणे हिशेबाची फाइल मिटत होता तोही त्याच्याबरोबर मारला जातो. जतन करायचं का, हा प्रश्नही मग विचारला जात नाही. माझं मत विचाराल तर हा सल्ला देणाऱ्यांनी एकदा मार्चअखेरीला एखाद्या हिशेबनिसाच्या शेजारी बसून बघावं.

लिनक्सवाल्यांत यावर चक्क जाहीर वाद झाला. तिथे बहुतेक ठिकाणी सेवांचा कारभार सिस्टमडी बघतो. तो आधी नम्रपणे थांब म्हणतो, आणि नव्वद सेकंदांत थांबली नाही तर सेवेला मारून टाकतो. पडद्यावर लाल चांदण्या इकडून तिकडे धावत राहतात आणि कोणाची वाट बघतोय त्याचं नाव, गेलेली सेकंदं, उरलेली मुदत, सगळं समोर दिसतं. एवढा उघडेपणा विंडोजनं मुळातच दाखवला असता तर किती बटणं वाचली असती! फेडोरा या लिनक्सच्या एका अवतारातल्या काही मंडळींना ही मुदत पंधरा सेकंदांवर आणायची होती. इतरांचं म्हणणं पडलं की डेटाबेस आणि आभासी यंत्रं सांभाळणाऱ्या सेवांना आवरायला खरंच वेळ लागतो. शेवटी एप्रिल २०२३ मध्ये आलेल्या फेडोरा ३८ मध्ये ती पंचेचाळीस सेकंदांवर आली.

बंद करण्याच्या बाबतीत माणसांचंच लवकर आटोपत नाही याचा आणखी एक दाखला व्हिस्टाचा. तिच्यातल्या बंद करण्याच्या त्या छोट्या मेनूवर वर्षभर काम केलेल्या मोइशे लेटविन यांनी २००६ मध्ये हिशेब मांडला होता, की त्या मेनूत ज्यांना बोलायचा अधिकार होता अशी माणसं वरच्या साहेबांसकट ४३ होती. त्यांनी स्वतः वर्षात लिहिलेला कोड काही शे ओळींचा.

लिनक्ससारखा उघडेपणा विंडोजमध्येही आणता येतो. रजिस्ट्रीत 'व्हर्बोज स्टेटस' नावाची नोंद करून तिला १ ही किंमत दिली की नुसत्या गोलाच्या जागी ओळी दिसू लागतात, अमुक सेवा थांबवतोय, तमुक थांबवतोय. काकांनी जाता जाता ते केलं. हार्ड डिस्कची स्वतःची नोंदही दाखवली. डिस्कच्या तब्येतीच्या तक्त्यात १९२ क्रमांकाच्या रकान्यात अचानक वीज जाऊन डोकं घाईघाईनं मागे घ्यावं लागल्याचा आकडा असतो. सगळ्या कंपन्या तो एकाच रीतीनं मोजत नाहीत, म्हणून एका संगणकाची दुसऱ्याशी तुलना करू नये. पण ताईंच्या डिस्कवर तो तीन आकडी होता, आणि ताईंनी तो बघून यूपीएसकडे बघितलं.

काकांनी बिल केलं ते साध्या फेरीचं. फॉरमॅटचा दर बाजारात ठरलेला आहे. विंडोज टाकायचं, ड्रायव्हर टाकायचे, गिऱ्हाइकाला संगणक नवा झाल्यासारखा दिसतो आणि पैसे देताना कुरकुर होत नाही. नोंदवही वाचून एक सेवा काढली आणि दोन आकडे बदलले याचे किती मागायचे? "जास्त मागितले तर मालक म्हणतील, केलंत काय?" काका म्हणाले. मालक शेजारीच उभे होते. ते काही बोलले नाहीत.

आता तो संगणक पाऊण मिनिटात बंद होतो. ओळी भराभर सरकतात आणि एका ओळीवर बारा सेकंद थबकतात : फॉन्टच्या लॉकची सेवा. ती मुदत संपेपर्यंत काही आवरत नाही आणि विंडोजला तिला काढावंच लागतं. काकांनी तिचा नवा ड्रायव्हर शोधून ठेवलाय. पण तो टाकताना लॉक रुसला तर काय, यावर ताई, मालक आणि काका यांचं लगेच एकमत झालं. दोन्ही अंकांची पानं छापखान्यात जाऊ देत, मग बघू.